दही थंड, मग वाग्भट नको का म्हणतो?

नवरात्र सरत येते, ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका बसू लागतो आणि दुपारच्या पानात दहीभात हटकून दिसतो. ‘खा, थंड असतं.’ आयुर्वेदात मात्र नेमके याच दिवसांत दही वर्ज्य सांगितले आहे. वाग्भट या प्राचीन आयुर्वेदाचार्याच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात दह्याचे नियम दोन-तीन ओळींतच आटोपतात: रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, रोज खाऊ नये, नीट न लागलेले खाऊ नये, वसंत, ग्रीष्म आणि शरदात खाऊ नये. खायचेच तर सोबत मुगाचे कढण, मध, तूप-साखर किंवा आवळा असावा. गुढीपाडवा वसंतातच येतो, पण श्रीखंडापुढे वाग्भटाचे ऐकतो कोण!

एका पदार्थासाठी इतक्या अटी कशाला? कारण आयुर्वेदाच्या लेखी पदार्थ एकटा कधीच नसतो. तो कोण खातो, केव्हा, कोणत्या ऋतूत, कशासोबत आणि त्याला भूक किती, या सगळ्यावर त्याचा परिणाम ठरतो.

आयुर्वेद दह्याला ‘उष्ण’ म्हणतो, म्हणून आधी हा शब्द. फ्रीजमधले दही हाताला गार लागते, पण इथे थर्मामीटरचा संबंध नाही. जिभेला कळते ती चव म्हणजे रस, पचनानंतर उरतो तो विपाक आणि अंगात दिसणारा मुख्य प्रभाव म्हणजे वीर्य. दही चवीला आंबट, विपाकातही आंबट, पचायला जड आणि वीर्याने उष्ण मानले आहे. ते वात कमी करते, कफ आणि पित्त वाढवते.

आता शरद, म्हणजे आश्विन-कार्तिक. आयुर्वेदाच्या हिशेबात पित्त पावसाळ्यात साठते आणि पाऊस ओसरून ऊन तापले की उसळते. त्यात आणखी आंबट-उष्ण दही कशाला, असा हा सरळ विचार. त्याऐवजी साळीचा भात, मूग, आवळा सुचवले आहेत. वात, पित्त, कफ ही परीक्षानळीत सापडणारी द्रव्ये समजली की सगळा गोंधळ होतो. हालचाल, पचन-रूपांतर आणि बांधणी-स्निग्धता अशा तीन प्रकारच्या कामांची ती नावे आहेत, असे समजून वाचले तर ग्रंथ उलगडतात, असे मला वाटते.

गुडघा दुखतो म्हणून गेलो तरी वैद्य आधी भूक, शौच आणि झोप विचारतात, त्याचे मूळही इथेच आहे. पचवणारी शक्ती म्हणजे अग्नी. तो सम, विषम, तीक्ष्ण किंवा मंद असतो आणि मंद अग्नी बहुतेक रोगांच्या मुळाशी मानला जातो. सुश्रुत या दुसऱ्या प्राचीन आचार्याने निरोगी माणसाची व्याख्या करताना दोष (म्हणजे वात, पित्त, कफ), अग्नी, धातू (रक्त, मांस, हाडे अशी शरीराची घटकद्रव्ये) आणि मल यांचा समतोल तर सांगितलाच, शिवाय आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असण्याचीही अट घातली.

हे सगळे आजच्या विज्ञानाने सिद्ध केले आहे का? नाही. ‘उष्ण वीर्य’ मोजणारे यंत्र नाही. प्रकृतीचा, म्हणजे माणसात मुळात कोणता दोष ठळक आहे याचा, विचार मात्र प्रयोगशाळेत शिरला आहे: दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेच्या 2008 च्या अभ्यासात ठळक वात, पित्त किंवा कफ प्रकृतीच्या निरोगी माणसांत जनुकांच्या अभिव्यक्तीत (कोणते जनुक किती सक्रिय आहे त्यात) आणि रक्ततपासणीत काही फरक दिसले. अभ्यास लहान होता, त्यावरून उपचार ठरवता येत नाहीत. आणि आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हे तर मुळीच खरे नाही. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 औषधांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करून काढे पिणे तर जिवावर बेतू शकते.

पण दह्याची गोष्ट इथे संपत नाही. त्याच दह्यात पाणी घालून घुसळले, लोणी काढले, की उरते ते ताक, आणि ग्रंथांत त्याचे गुण जवळजवळ उलटे होतात: हलके, तुरट-आंबट, अग्नी चेतवणारे, कफ आणि वात कमी करणारे. विरजण तेच, दूध तेच, फरक रवीचा आणि पाण्याचा. खानावळीत ताटाशेजारी दह्याच्या वाटीऐवजी ताकाचा पेला दिसला, तर वाग्भटाची हरकत नसावी.