पाठिंबा काढला म्हणजे सरकार पडलं?

‘मित्रपक्षाने पाठिंबा काढला, सरकार पडलं’ असं आपण सर्रास बोलतो. पण राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना दिलेल्या नुसत्या पत्राने सरकार जात नाही. बहुमताचा फैसला सभागृहातच व्हायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई खटल्यात स्पष्ट केलं. जुलै २००८ मध्ये डाव्यांनी साथ सोडली, तरी मनमोहन सिंग सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरलं. १९९९ मध्ये अण्णा द्रमुक बाहेर पडल्यावर वाजपेयी सरकार एका मताने हरलं खरं, पण तेही लोकसभेतच.

नव्या आघाडीच्या नेत्याची खरी डोकेदुखी वेगळीच असते: पत्र न देता खात्यांवरून रोज रुसून बसणारा मित्र. त्याला मतदान लागतच नाही, धमकी पुरते.