काल्डरबँक ऑफर

दिवाणी दाव्यात एका बाजूने दुसरीला लेखी दिलेली तडजोडीची ऑफर. मुख्य निकाल होईपर्यंत ही ऑफर जज्जला दाखवायची नसते, पण नंतर दाव्याचा खर्च (वकील, कोर्ट वगैरे) कोणाच्या अंगावर टाकायचा हे ठरवताना ती बाहेर काढता येते, म्हणून पत्रावर 'विदाउट प्रेज्युडिस, सेव्ह ॲज टू कॉस्ट्स' (हक्कांना बाधा न येता, खर्चाचा मुद्दा सोडून) असं लिहितात. इंग्लंडमध्ये हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यायचा हा साधारण नियम. पण समजा ५०,००० पौंड देऊ केले होते, वादीने नाही म्हटलं आणि कोर्टाने ४०,०००च दिले, तर दावा जिंकूनही ऑफरनंतरचा खर्च वादीलाच भरावा लागू शकतो.

नाव आलं काल्डरबँक विरुद्ध काल्डरबँक या १९७५ च्या अपील कोर्टाच्या निकालावरून. घटस्फोटानंतर मालमत्तेचा वाद होता, बायकोने साधारण १२,००० पौंडांचं घर देऊ केलं होतं, नवऱ्याच्या पदरात पडले १०,०००. नावामुळे ही पद्धत तिथेच जन्मली असं बरेच जण धरून चालतात, पण ते तितकंसं पटत नाही, कारण लॉर्ड जस्टिस केर्न्स यांनी निकालातच सक्तीच्या भूसंपादनाच्या केसेसमध्ये लँड्स ट्रायब्युनलपुढे (जमिनीचे वाद बघणाऱ्या न्यायाधिकरणापुढे) चालणाऱ्या सीलबंद, म्हणजे निकालापर्यंत बंद ठेवलेल्या, ऑफरचा दाखला दिलाय, म्हणजे कल्पना आधीचीच, कोर्टाने ती फक्त इतर दाव्यांसाठी खुली केली असं म्हणणं जास्त योग्य. नुसत्या पत्राऐवजी देऊ केलेले पैसे कोर्टात भरून ठेवायची पद्धत तर त्याहून जुनी, काही जण तिची मुळं सतराव्या शतकापर्यंत नेतात. पुढे कट्स विरुद्ध हेड (१९८३-८४) मध्ये अशी पत्रं कौटुंबिक वादाबाहेरही चालतात हे पक्कं झालं. ज्या घटस्फोटाच्या आर्थिक दाव्यांमधून हे नाव आलं तिथे मात्र एप्रिल २००६ पासून अशा ऑफर बंद झाल्या.

२६ एप्रिल १९९९ ला इंग्लंडमध्ये आलेल्या नव्या दिवाणी नियमांमधला भाग ३६ याच विचाराचा पक्का साचा आहे, ऑफर स्वीकारायला किमान २१ दिवस द्यायचे, आणि वादीनेही ऑफर देऊन त्याहून चांगला निकाल मिळवला तर प्रतिवादीवर वाढीव व्याज लागू शकतं. 'चांगला' म्हणजे किती यावरून कार्व्हर केसमध्ये (२००८) गोंधळ झाला, तिथे थोडेसे जास्त पैसे मिळूनही वादी खर्चात हरली. २०११ मध्ये नियम बदलून पैशात कितीही लहान फरक पुरे असं ठरवलं, आणि तेच बरोबर होतं, नाहीतर ऑफर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला अंदाज तरी कसा बांधता येणार.

आपल्याकडे सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) ऑर्डर २४ मध्ये कर्ज किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यात प्रतिवादी पैसे कोर्टात भरू शकतो, ते पुरेसे होते असं कोर्टाला वाटलं तर भरल्यानंतरचा खर्च वादीवर. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याने सीपीसीचं खर्चाबद्दलचं कलम ३५ बदललं, वाजवी ऑफर विनाकारण नाकारली का हे आता कोर्टाने बघायचं असतं. लवादासाठी लवाद कायद्याच्या कलम ३१ए मध्येही साधारण तेच.