टीकप कुत्रे आणि टॉय जातींची मापं

टीकप कुत्रा म्हणजे चिवावा, यॉर्कशायर टेरियर, पोमेरेनियन, माल्टीज, टॉय पूडल अशा मुळातच छोट्या जातींमधला पण त्या जातीच्या मानानेही फारच बारका राहिलेला कुत्रा, मोठा झाल्यावर साधारण दीड-दोन किलोच्या आतबाहेर. ही वेगळी जात नाहीये. विकणारे टीकप, मायक्रो, पॉकेट, टायनी टॉय अशी काय वाट्टेल ती नावं लावतात, पण जातींची नोंद आणि मापं ठेवणाऱ्या संस्था, म्हणजे अमेरिकन केनेल क्लब, ब्रिटनचा केनेल क्लब किंवा एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना, यापैकी कुणाच्याच वहीत असा वर्ग नाही. अमेरिकेतल्या चिवावा क्लबने तर हे शब्द वापरूच नका म्हणून सांगितलंय, त्यांच्या मते चिवावा हा फक्त चिवावा असतो, थोडा लहान थोडा मोठा.

मापं कशी ठरतात

टॉय जातींची मापं बघायला गेलं तर एकसारखं काहीच नाही. काही जाती वजनावर मोजतात, काही उंचीवर. उंची म्हणजे चारी पाय नीट टेकवून उभं केल्यावर जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, मान आणि डोकं त्यात धरत नाहीत. चिवावाला उंचीची अट नाही, फक्त वजन बघतात, अमेरिकेत 6 पाउंड म्हणजे 2.7 किलोच्या वर गेला की शोमधून बाद, एफसीआयमध्ये दीड ते तीन किलो आदर्श. यॉर्कीला, म्हणजे यॉर्कशायर टेरियरला, कमाल 7 पाउंड म्हणजे 3.2 किलो. माल्टीज अमेरिकेत 7 पाउंडाच्या आत पाहिजे आणि 4 ते 6 मधला जास्त पसंत, तोच एफसीआयमध्ये 3 ते 4 किलो. टॉय पूडल उंचीवर चालतो, अमेरिकेत 10 इंच किंवा कमी, एफसीआयमध्ये साधारण 24 ते 28 सेंमी.

पोमेरेनियनचा घोळ सगळ्यात मजेशीर आहे. अमेरिकेत 3 ते 7 पाउंड, शोसाठी 4 ते 6 चांगलं, एफसीआयमध्ये मात्र तो स्वतंत्र जात नसून जर्मन स्पिट्झचा सगळ्यात लहान प्रकार धरतात आणि वजन न बघता उंची बघतात. ब्रिटनमध्ये नर 1.8 ते 2 किलो आणि मादी 2 ते 2.5 किलो, म्हणजे मादी नरापेक्षा जड असणं हेच माप, आणि त्यामागे पिल्लं पोटात वाढवायला जागा पाहिजे हा साधा व्यवहार असावा. टॉय नक्की कोण यावरही एकमत नाही, यॉर्की आणि पॉम (पोमेरेनियन) दोघंही अमेरिकेत टॉय गटात आहेत पण एफसीआयकडे यॉर्की टेरियरांत आणि पॉम स्पिट्झांत बसतो. केनेल क्लब ऑफ इंडिया एफसीआयशी जोडलेला आहे.

आता यातली खरी गोम बघा. या आकड्यांमधले बरेचसे फक्त वरची हद्द सांगतात. 2.7 किलोच्या वर नको हे लिहिलंय, पण किती खाली गेलं की पुरे हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नाही, आणि बाजार नेमका त्या मोकळ्या बाजूने खाली उतरत गेला. क्लबवालेही अगदी सोवळे नव्हते. ब्रिटनच्या चिवावाच्या जुन्या मानकात दोन कुत्री गुणाने सारखीच असतील तर त्यातल्या बारक्याला पसंती द्यावी असं चक्क लिहिलेलं होतं, ते नंतर काढलं. पण तोपर्यंत लहान म्हणजे जास्त चांगलं हे ब्रीडर आणि गिऱ्हाईक दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं. पोमेरेनियनला अमेरिकेत खालची हद्द आहे, त्याच्या खाली गेला तरी दोषच धरतात, पण शोमध्ये न जाणाऱ्या पिल्लाला हे विचारतो कोण.

लहान कसे होतात

2007 साली शास्त्रज्ञांना कुत्र्यांच्या आयजीएफ-1 या वाढीच्या जनुकात एक बदल सापडला, जो जवळपास सगळ्या छोट्या जातींमध्ये दिसतो आणि मोठ्या जातींमध्ये क्वचित. पुढे 2022 मध्ये त्याच जनुकाशी जोडलेला लहान अंगकाठीचा एक प्रकार 50 हजार वर्षांपेक्षा जुन्या लांडग्याच्या डीएनएमध्येही मिळाला, म्हणजे माणसाने कुत्रा पाळायच्या कितीतरी आधीपासून ही चावी निसर्गात पडून होती, माणसाने फक्त निवडून निवडून ती फिरवली. आकार अर्थातच एकाच जनुकावर ठरत नाही.

पण टीकपची पैदास बऱ्याचदा एवढी शास्त्रशुद्ध नसते. खूप बारक्या मादीला पिल्लं होऊ देणं जिवावरचं काम, पिल्लाचं डोकं मोठं आणि वाट अरुंद, बऱ्याचदा सिझर करावं लागतं, आणि एका वेताला पिल्लं एक-दोन-तीन. म्हणून समजदार ब्रीडर बारकी मादी पैदाशीला घेतच नाहीत, मादी थोडी अंगाने भरलेली घेतात आणि नर लहान. तेव्हा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टीकप लाइन आहे असं कुणी सांगितलं की जरा जपूनच ऐकावं. वाईट धंदा करणारे वेतातली सगळ्यात अशक्त पिल्लं एकमेकांशी लावतात, खायला कमी घालतात, किंवा पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू दहा आठवड्यांचं म्हणून खपवतात आणि चहाच्या कपाशेजारी बसवून फोटो काढतात. त्या वयात कुठलंही टॉय पिल्लू कपाएवढंच दिसतं हो. यॉर्कीवाल्यांचा एक ठोकताळा आहे की बारा आठवड्यांचं वजन दुप्पट केलं की मोठेपणीचा अंदाज येतो, पण वयच खोटं असेल तर हिशोब गेलाच.

एवढं वेड का

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी 1943 मध्ये मांडलं की मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, मोठाले डोळे आणि आखूड नाक दिसलं की माणसाला आपोआप माया येते, कारण आपलं तान्हं बाळ असंच दिसतं. चिवावाचं सफरचंदासारखं गोल डोकं किंवा आखूड तोंडाचा पॉम बघितला की हे लगेच पटतं. हा कुत्रा मोठा झाला तरी पिल्लूच दिसतो, उचलता येतो, मांडीवर मावतो, लिफ्टमध्ये कुणी घाबरत नाही, आणि विमानाच्या केबिनमध्ये न्यायचं तर पिंजऱ्यासकट वजन धरतात तिथेही त्याचं फावतं. वनबीएचकेमध्ये राहणाऱ्याला हे सगळं किती सोयीचं ते सांगायला नको.

हे वेड इन्स्टावाल्यांनी काढलं असं मात्र नाही. इंग्लंडचे डॉक्टर जॉन केयस यांनी 1570 मध्ये कुत्र्यांवर लिहिलं त्यात बायकांच्या मांडीवरच्या छोट्या कुत्र्यांचा उल्लेख आहे आणि जितका लहान तितका जास्त आवडता हे त्यांनी तेव्हाच टोमणा मारून नोंदवलंय. चीनच्या दरबारातल्या पेकिनीज जातीच्या कुत्र्यांमध्ये बाहीत मावतील एवढे छोटे असायचे, अमेरिकेत 6 पाउंडाखालच्या पेकिनीजला अजून स्लीव्ह म्हणजे बाही म्हणतात. 1860 साली ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला तेव्हा सापडलेल्या पाच पेकिनीजपैकी एक राणी व्हिक्टोरियाकडे गेली आणि तिचं नाव ठेवलं लूटी. होय, लुटीवरून, लाज कसली ती नाहीच. याच राणीने 1888 मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉम आणला, 1891 मध्ये तिचे पॉम क्रफ्ट्सच्या शोमध्ये उतरले, आणि तिच्या हयातीतच इंग्लंडमधला पॉम जवळजवळ निम्म्या आकाराचा झाला. मजा म्हणजे मार्को 12 पाउंडांचा होता, आज अमेरिकेच्या शोमध्ये त्याला कुणी उभं केलं नसतं. पुढे 2000 नंतर पॅरिस हिल्टनची टिंकरबेल नावाची चिवावा पर्समधून फिरायला लागली आणि कुत्रा हातातल्या बॅगेसारखा मिरवायची फॅशन जगभर गेली.

विक्रमाचं आकर्षण आहेच. गिनीजमध्ये सगळ्यात लहान जिवंत कुत्रा म्हणून सध्या फ्लोरिडाची पर्ल नावाची चिवावा आहे, जन्म 2020, नोंद 2023 ची, उंची 9.14 सेंमी आणि वजन 553 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या साखरेच्या पुडीपेक्षा थोडीच जास्त. तिच्या आधीचा विक्रम तिच्याच मावशीचा, मिरॅकल मिली, 9.65 सेंमी. या दोघी मोठी अपवादात्मक उदाहरणं आहेत, कौतुक जरूर करावं, पण असंच एक मला पण पाहिजे म्हणून ऑर्डर देणं हे वेगळं.

लहान कुत्रा म्हणजे बाहुली असंही नाही. यॉर्की हा यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांत उंदीर मारणारा कुत्रा. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीत सापडलेली स्मोकी नावाची 4 पाउंडांची यॉर्की फिलिपिन्समधल्या अमेरिकन विमानतळावर धावपट्टीखालच्या अरुंद पाइपातून टेलिफोनची तार ओढत साधारण 70 फूट पलीकडे गेली होती, नाहीतर सगळं खोदत बसावं लागलं असतं. पण 4 पाउंड म्हणजे 1.8 किलो, हट्टी आणि दणकट, अर्ध्या किलोची नाही.

अंगावर काय बेततं

सगळ्यात पहिली भीती साखर उतरण्याची. एवढ्याशा पिल्लाच्या लिव्हरमध्ये साठाच नसतो, दोन जेवणांमध्ये जास्त वेळ गेला, थंडी लागली किंवा नव्या घरात घाबरून खाल्लं नाही की ते सुस्त पडतं, चालताना झोकांड्या खातं, हिरड्या पांढुरक्या पडतात, मग आकडी येते आणि तासाभरात जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिले काही महिने दिवसाला चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं आणि असं काही दिसलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळून थेट डॉक्टर गाठायचा, सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही.

दुसरं म्हणजे टाळू. बऱ्याच चिवावांची टाळू मोठेपणीही पूर्ण भरत नाही, डोक्यावर बोट फिरवलं की मऊ खळगा लागतो, चिवावात तो जातीचाच गुण मानतात आणि छोटा असेल तर चिंता नसते, पण मोठा असेल आणि डोकं फुगीर, डोळे खाली वळलेले असतील तर मेंदूत पाणी साठलंय का ते तपासावं लागतं. बाकी गुडघ्याची वाटी सरकणं, श्वासनलिका चपटी होऊन बदकासारखा खोकला येणं (म्हणून गळ्यात पट्टा नको, छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या), लिव्हरला बायपास करणारी जन्मजात रक्तवाहिनी, दुधाचे दात न पडता दाटीवाटी होणं हे सगळं टॉय जातींत एरवीही दिसतं, आकार जितका खाली नेला तितका धोका वाढतो. आणि सोफ्यावरून उडी मारली की पुढच्या पायाचं हाड मोडतं, तिथे रक्तपुरवठा कमी म्हणून जुळायलाही वेळ लागतो. भूल द्यायची झाली तर औषधाचं माप थेंबात, शरीर पटकन गार पडतं. जर्मनीच्या प्राणी कायद्यात तर कलम 11ब खाली त्रासदायक पैदाशीवर बंदीच आहे, म्हणजे जन्मतःच वेदना होतील अशी पिल्लं काढायची नाहीत.

आपल्याकडे

भारतात ज्याला पिढीजात पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, ब्रिटिश काळापासून इथल्या उन्हात टिकलेला, ‘हम आपके हैं कौन’मधला टफी तोच. त्याचा छोटा प्रकारही पाच-सात किलोपर्यंत जातो. त्यामुळे व्हॉट्सॲपवर टॉय पॉम किंवा टीकप पॉम म्हणून घेतलेलं पिल्लू वर्षभरात स्पिट्झ निघणं ही पुण्या-मुंबईत नेहमीची तक्रार आहे, कुत्रा एकदम ठणठणीत असतो, फक्त पावती वेगळीच सांगते. एका अर्थी त्या घरावर कृपाच झाली म्हणायची.

कायदा आहे. 2016 मध्ये पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशातून कुत्री आणणं बंद झालं आणि 2017 च्या नियमांनी ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विकताना मायक्रोचिप आणि लसीकरण झालेलं पाहिजे. टीकपच्या बाबतीत ही आठ आठवड्यांची अट सगळ्यात जास्त मोडली जाते, कारण आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लू कपातून बाहेर आलेलं असतं आणि भाव उतरलेला. घ्यायचंच असेल तर आईला डोळ्यांनी बघा, ती दोन-तीन किलोची आहे का ते विचारा, नोंदणीचा नंबर मागा, आणि फोटोतल्या कपाकडे बघूच नका.