डिझेल फिल्टर आणि डिझेलमधले पाणी

मालट्रकच्या टाकीतून इंजिनाकडे निघालेल्या डिझेलमधला गाळ आणि पाणी वाटेतच अडवणारा भाग म्हणजे डिझेल फिल्टर. पाठ्यपुस्तकांत त्याला इंधन-गाळणी म्हणतात. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलपासून कळंबोली आणि भिवंडीपर्यंतच्या गॅरेजांत मात्र डिझेल फिल्टर हाच शब्द चालतो, आणि पाणी वेगळे करणाऱ्या भागाला वॉटर सेपरेटर म्हणतात. ही दोन कामे जवळजवळ असली तरी एक नव्हेत. गाळ अडवायला बारीक छिद्रे लागतात. पाणी खाली बसायला जागा आणि थोडी उसंत लागते. गाळाचा फिल्टर ठरावीक किलोमीटर झाले की बदलला जातो. साठलेले पाणी मात्र कोणीतरी हाताने काढावे लागते, आणि मुंबईसारख्या दमट किनारपट्टीवर गाड्या जास्त करून अडतात त्या याच कामाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

पाणी डिझेलला का चालत नाही

डिझेलचे वजन दर घनमीटरला साधारण ८१० ते ८४५ किलो, पाण्याचे १,०००. म्हणून टाकीत शिरलेले पाणी तळाला जाऊन बसते. पण सगळेच पाणी असे उघड दिसत नाही. काही पाणी डिझेलमध्ये विरघळलेले असते. काही अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात तरंगते आणि डिझेल गढूळ, धुरकट दिसू लागते. उरलेले मोकळे पाणी तेवढे तळाशी. भारतीय मानकाने डिझेलमध्ये दर किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालवून घेतले आहे. ३०० लिटरची टाकी भरली तर त्यात सुमारे २५० किलो डिझेल येते. म्हणजे अगदी नियमात बसणाऱ्या डिझेलमधूनही एका टाकीमागे ५० मिलिलिटरपर्यंत पाणी येऊ शकते. ‘आमचा पंप चांगला आहे, आमच्या डिझेलात पाणी नसते’ असे सांगणाऱ्या चालकाला हा हिशेब दाखवावा.

गरम डिझेल थंड डिझेलपेक्षा जास्त पाणी विरघळवून ठेवते. इंजिनाला लागते त्यापेक्षा जास्त डिझेल इंजिनावरच्या पंपाकडे जाते, आणि उरलेले तापून परतीच्या नळीने टाकीत येते. दिवसभर चाललेल्या ट्रकची टाकी त्यामुळे कोमट असते. रात्री गाडी उभी राहिली की डिझेल निवते, विरघळलेल्या पाण्यातला काही भाग सुटतो आणि खाली बसतो. संध्याकाळी गाडी लावताना पाणी काढले तर बरेचसे पाणी अजून डिझेलमध्येच असते. पाणी काढायचे ते सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी. जुने क्लीनर हे वर्षानुवर्षे करत आले. त्यामागचे कारण हे.

इंजिनावरचा डिझेलचा पंप आणि डिझेल फवाऱ्याने आत सोडणारे नोझल यांना वेगळे वंगण नसते. त्यातून वाहणारे डिझेलच वंगणाचे काम करते. पाणी वंगण घालत नाही. जिथे पाण्याचा थेंब जातो तिथे धातूवर धातू घासतो, आणि गाडी उभी राहिली की त्याच जागी गंज धरतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत नोझल साधारण २०० ते २५० बार दाबावर उघडत असे. तिथे थोडे पाणी गेले तर गाडी झटके मारी, धूर सोडी आणि मग सावरे. आजच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळते अशा इंजिनांत, दाब १,६०० बारच्या पुढे जातो, आणि नोझलच्या आतल्या हलत्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. गंजाचा डोळ्यांना न दिसणारा कणही एवढ्या फटीत अडकतो. नोझलच्या टोकाशी पोहोचलेल्या पाण्याची तिथल्या उष्णतेने वाफ होते आणि ती टोकाला इजा करते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ या प्रदूषण मानकाचे डिझेल आले आणि गंधकाचे प्रमाण ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर उतरले. हवेसाठी ही मोठी चांगली गोष्ट झाली. मात्र गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो आणि तो मिश्रके घालून भरून काढावा लागतो. त्यात पाणी आले की पंपाला काही आधार उरत नाही.

मुंबईत पाणी येते कुठून

पाऊस हे उत्तर अर्धेच आहे. जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की अर्धी रिकामी टाकी श्वास घेते तेव्हा दमट हवाच आत ओढते. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत तासन्‌तास उभा असलेला ट्रक, रात्री कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढून थंड हवेत गेलेला ट्रक, या दोन्हींच्या टाकीच्या आतल्या पत्र्यावर दव धरते आणि थेंब थेंब खाली उतरते. मुक्कामाला थांबताना टाकी भरून ठेवावी असे जे सांगतात ते यासाठीच: जितकी मोकळी जागा कमी, तितकी ओली हवा कमी.

टाकीच्या झाकणाची रबर रिंग कडक होऊन तडकली असेल तर पावसाचे पाणी थेट आत जाते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने गाडी धुताना झाकणाच्या आणि हवा घेणाऱ्या नळीच्या जागेवर फवारा मारला, तरी तेच होते. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतही पाणी उतरू शकते. पंपचालक टाकीची पातळी मोजायच्या डिपच्या काठीला पाणी शोधणारी पेस्ट लावून तळ तपासतात. पाणी लागले की पेस्टचा रंग बदलतो. ही तपासणी आणि घनतेची नोंद पाहण्याचा हक्क ग्राहकाला आहे. नोंदवलेल्या घनतेत आणि प्रत्यक्ष मोजलेल्या घनतेत दर घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक येता कामा नये. पंपावर टँकर नुकताच रिकामा होत असेल तर तळाचा गाळ ढवळलेला असतो. थोडे थांबून किंवा पुढच्या पंपावर डिझेल भरणारे चालक शहाणपणच करतात.

सर्वांत वाईट डिझेल पिंपातले. बांधकामाच्या साइटवर, दगडखाणीवर पिंपे उभी ठेवलेली असतात. पावसाचे पाणी वरच्या खोलगट झाकणावर साचते, दुपारी पिंप तापते, पावसाच्या सरीने एकदम निवते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट आहे असे वाटत राहते. भरलेले पिंप छपराखाली आडवे ठेवावे, दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे; मग ती आतून डिझेलने झाकलेली राहतात आणि पिंपाला बाहेरची हवा ओढता येत नाही. ससून डॉकच्या मच्छीमार बोटींना तर हे दुखणे आणखी जड जाते, कारण तिथे शिरणारे पाणी खारे असते आणि खारे पाणी गोड्यापेक्षा कितीतरी लवकर लोखंड खाते.

पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. फिल्टर उघडल्यावर काळपट, बुळबुळीत, कुजका वास येणारा लपका निघतो तो याचाच. गॅरेजात त्याला शेवाळ म्हणतात. शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीत उजेड नसतो, तेव्हा ते शेवाळ नव्हे. पण शब्द रुळला आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रकांत आणि मुंबईच्या उंच इमारतींच्या जनरेटरच्या टाक्यांत हा लपका हमखास सापडतो. तो दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही. टाकी खोलून धुवावी लागते, जंतुनाशक मिश्रक घालावे लागते आणि पुढचे एक-दोन फिल्टर लवकर बदलावे लागतात, कारण मेलेली बुरशी तुकड्या-तुकड्यांनी फिल्टरवर येत राहते.

रचना

जुन्या ट्रकांत दोन वाट्यांचा जोड फिल्टर असे: पहिल्या वाटीत कापडाचा, दुसऱ्या वाटीत कागदाचा. कापड जाड गाळ घेई, कागद बारीक. आजच्या ट्रकांत चासीवर, टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर असतो. तो साधारण १० ते ३० मायक्रॉनचे कण अडवतो. इंजिनाजवळचा मुख्य फिल्टर २ ते ५ मायक्रॉनपर्यंत गाळतो. पहिल्या फिल्टरमध्ये डिझेलचा वेग कमी होतो, दिशा बदलते आणि जड थेंब खालच्या पारदर्शक वाटीत पडतात. कागदावर पाणी दूर लोटणारा लेप असतो. त्यावर बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि घसरतात. तरंगणारे सूक्ष्म थेंब मात्र काही वेळा निसटतात, विशेषतः डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेले असेल तर, कारण बायोडिझेल पाण्याला धरून ठेवते.

वाटीच्या तळाशी सेन्सर असतो. डिझेलमधून वीज वाहत नाही, पाण्यातून वाहते. पाण्याची पातळी सेन्सरच्या दोन टोकांपर्यंत आली की डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. चावी फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागून विझला तर सेन्सर जिवंत आहे असे समजावे. दिवा सारखा लागतो म्हणून वायर काढून ठेवणे हा या विषयातला सर्वांत महाग पडणारा उद्योग आहे.

पाणी काढणे

गाडी सपाट जागी, इंजिन बंद. वाटीखालचा ड्रेन, म्हणजे पाणी सोडायचा स्क्रू, अर्धा-पाऊण आटा उलटा फिरवायचा, खाली पारदर्शक बाटली धरायची, गरज पडल्यास हँड पंप (डिझेल हाताने ढकलणारा छोटा पंप) चार-सहा वेळा मारायचा, आणि स्वच्छ डिझेल येऊ लागले की ड्रेन हाताने बंद करायचा. पाना लावून आवळला की प्लास्टिकचा आटा जातो. बाटली दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवली की खरे चित्र दिसते: तळाशी पाण्याची स्पष्ट रेघ, वर डिझेल. बाटली गढूळच राहिली तर पाणी अजून तरंगते आहे.

पावसाळ्यात हे रोज करावे, एरवी आठवड्यातून एकदा. टाकीच्या तळाचा ड्रेन बोल्टही विसरू नये. डिझेल ओढणारी नळी तळापासून थोडी वर असते, म्हणून तळचे पाणी बरेच दिवस गुपचूप साठते. मग एखाद्या घाटाच्या चढावर गाडी कलते आणि ते सगळे एकदम नळीत शिरते. बोरघाटात भरलेला ट्रक मधल्या लेनमध्ये बंद पडण्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

फिल्टर बदलणे आणि एअर काढणे

किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या सर्व्हिस बुकात असते आणि इंजिनागणिक ते वेगळे असते. आकडा चांगल्या डिझेलसाठी दिलेला असतो हे ध्यानात ठेवावे. गाडी ओढत नाही, चढावर दम तोडते, सकाळी उशिरा सुरू होते, पांढरा धूर सोडते अशी लक्षणे दिसली तर किलोमीटर पुरे होण्याची वाट पाहू नये.

नवा फिल्टर बसवताना रबर रिंगला स्वच्छ डिझेलचे बोट लावायचे, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि मग फिल्टरवर छापलेले असतील तेवढे आटे. मुख्य फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून लावण्याची जुनी सवय कॉमन रेल गाड्यांत मोडली पाहिजे: ते डिझेल गाळलेले नसते आणि ओतलेले डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडून सरळ पंपाकडे जाते. फिल्टर कोरडाच लावायचा आणि हँड पंपाने भरायचा. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला की एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, निघते. जुने मिस्त्री स्टार्टर मारत नोझलच्या पाइपचे नट सैल करून एअर काढत. कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नये. त्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहावेत. काढलेला फिल्टर कापून पाहणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नये. कागदावरचा गंज, लपका किंवा फाटलेली घडी पाहून तो टाकीचे दुखणे सांगतो. डुप्लिकेट फिल्टरचा डबा हुबेहूब असतो, आतला कागद विरळ असतो आणि पाण्याने भिजला की फुगून फाटतो.

युरिया आणि पूर

बीएस-६ च्या बहुतेक मोठ्या ट्रकना धूर स्वच्छ करण्यासाठी डीईएफ नावाचे द्रव लागते; चालक त्याला युरिया म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी असते. हे घाईत डिझेलच्या टाकीत ओतले गेले तर ते पाण्यासारखेच तळाला जाते, धातू खाते आणि युरियाचे खडे धरून फिल्टर व नोझल बंद करते. कळल्याक्षणी गाडी सुरू करू नये, चावीही फिरवू नये, कारण काही गाड्यांत चावीबरोबरच टाकीतला विजेचा पंप चालू होतो. टाकी उपसून धुतल्याशिवाय इलाज नाही.

पुरात उभ्या राहिलेल्या ट्रकालाही हेच लागू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा दिवशी टाकीच्या झाकणावर पाणी चढले असेल तर पाणी ओसरल्यावर आधी टाकीचा तळ आणि दोन्ही फिल्टर रिकामे करायचे, हवेच्या नळीत पाणी नाही हे पाहायचे, आणि मगच स्टार्टरला हात लावायचा.

बाटलीत काढलेले पाणी हे डिझेल मिसळलेले पाणी असते. ते गटारात ओतले की नाल्यातून मिठी नदीत किंवा ठाणे खाडीत जाते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते वापरलेल्या ऑइलबरोबर परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवला की त्यातले बरेचसे डिझेल निथळते. ते त्याच कॅनमध्ये.