लिनक्सच्या ब्राउझरमधलं पीडीएफ: प्लगइनच्या काळापासून आजपर्यंत

लिनक्सवर ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडत नाही म्हणून उपाय शोधायला बसलं, की आजही 'एनपीपीडीएफ.एसओ ही फाइल प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाका' असा सल्ला हमखास सापडतो. ती फाइल म्हणजे अ‍ॅडोबी रीडरचं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा जादा प्रोग्रॅम. एके काळी तो सल्ला अगदी बरोबर होता. आता तो तंतोतंत पाळला तरी काहीच होत नाही, कारण ती फाइल वाचणारी व्यवस्थाच फायरफॉक्सने 2017 साली बंद केली. लोकांचा बराच वेळ असल्या जुन्या सूचनांमागे वाया जातो, आणि नवख्या माणसाला वाटतं की लिनक्सच अवघड आहे. म्हणून कोणता उपाय कोणत्या काळातला, हे आधी समजून घ्यायला हवं.

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबीने 1993 मध्ये आणला. तेव्हा फाइल उतरवून घ्यायची आणि वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, एवढाच मार्ग होता. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या 2.0 आवृत्तीत प्लगइनची सोय आली. तिलाच पुढे एनपीएपीआय म्हणू लागले. पीडीएफचं पान ब्राउझरच्या खिडकीतच दिसावं, ही अ‍ॅडोबीची गरज तिच्या मुळाशी होती. काम चालायचं ते असं: सर्व्हर फाइलबरोबर तिचा माइम प्रकार, म्हणजे फाइल कोणत्या जातीची आहे हे सांगणारी खूण, कळवतो, पीडीएफसाठी तो 'अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ' असतो. ब्राउझर त्या प्रकारासाठी नोंदलेलं प्लगइन शोधतो आणि खिडकीतला एक चौकोन त्याच्या ताब्यात देतो. त्या चौकोनात पुढे काय चाललंय याच्याशी ब्राउझरचा फारसा संबंध उरत नसे. प्लगइनचा कोड मात्र ब्राउझरच्याच प्रक्रियेत, म्हणजे त्याच चालू प्रोग्रॅमच्या आत, चालायचा, त्यामुळे प्लगइन कोसळलं की सगळा ब्राउझर कोसळायचा. 2010 मध्ये फायरफॉक्स 3.6.4 ने प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत चालवायला सुरुवात केली, पण आधी फ्लॅशसारख्या मोजक्याच प्लगइनसाठी.

लिनक्सवाल्यांना खरा त्रास झाला तो 64-बिट यंत्रं आल्यावर. लिनक्ससाठीचं अ‍ॅडोबी रीडर शेवटपर्यंत 32-बिटच राहिलं. डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या तयार वितरणांनी, दिलेला फायरफॉक्स 64-बिट झाला होता, आणि 64-बिट प्रक्रियेत 32-बिट लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायच्या कोडची फाइल) चढवता येत नाही. मग एनएसप्लगइनरॅपर नावाचा मध्यस्थ आला. तो मूळ फाइलसाठी 'एनपीरॅपर' हे नाव पुढे जोडलेली 64-बिट नक्कल तयार करायचा, खरं प्लगइन 'एनपीव्ह्यूअर.बिन' या वेगळ्या 32-बिट प्रक्रियेत चालवायचा आणि दोघांमध्ये निरोप पोचवायचा. यातलं काहीही बिघडलं तरी पडद्यावर दिसायचं एकच, राखाडी रिकामा चौकोन.

त्या चौकोनामागचं कारण शोधायची रीत ठरलेली होती. आधी अ‍ॅड्रेसच्या जागी 'अबाउट:प्लगइन्स' टाइप करून प्लगइन यादीत आहे का ते पाहायचं. नसेल, तर '/यूएसआर/लिब/मोझिला/प्लगइन्स' किंवा स्वतःच्या होममधल्या '.मोझिला/प्लगइन्स'मध्ये प्लगइनच्या फाइलीचा दुवा नीट जोडलाय का ते तपासायचं. यादीत असूनही पान कोरं दिसलं, तर 32-बिट लायब्रऱ्या कमी आहेत असं समजायचं. डेबियन-उबुंटूवर त्यासाठी 'आयए32-लिब्ज' हे भलंमोठं पॅकेज घालावं लागे, पुढे मल्टिआर्क ही 32-बिट आणि 64-बिट पॅकेजं शेजारी ठेवायची सोय आली. एवढं करूनही जमलं नाही, तर प्रोफाइलमधली 'प्लगइनरेग.डॅट' पुसून ब्राउझर पुन्हा सुरू करायचा. त्या फाइलमध्ये प्लगइनांची जुनी नोंद साठलेली असे, आणि ती पुसल्यावर ब्राउझर सगळी प्लगइनं नव्याने हुडकायचा.

अ‍ॅडोबीचं, कोड खुला नसलेलं सॉफ्टवेअर नको असणाऱ्यांसाठी मोझप्लगर होता. एव्हिन्स किंवा एक्सपीडीएफसारखा दर्शक, म्हणजे पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम, तो ब्राउझरच्या खिडकीत आणून बसवायचा. डेजाव्हू या फाइल प्रकाराचं प्लगइनही याच पद्धतीचं. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं वाचणाऱ्यांना डेजाव्हू परिचयाचा आहे. त्याचं 'एनएसडेजाव्हू.एसओ' स्वतः काहीच चितारत नसे, मागे 'डीजेव्ह्यू' हा दर्शक सुरू करून त्याची खिडकी पानात बसवत असे. डीजेव्ह्यू जागेवर नसेल, तर प्लगइन यादीत दिसूनही पान उघडत नसे. विकिस्रोतावरची डेजाव्हू पुस्तकं वाचायला मात्र प्लगइन कधीच लागलं नाही, कारण तिथे पानांची चित्रं सर्व्हरवरच तयार होतात.

बदलाची सुरुवात क्रोमने केली. 2010 च्या अखेरीस क्रोम 8 मध्ये फॉक्सिटच्या तंत्रावर आधारलेला पीडीएफ दर्शक आत बसवून आला. त्याचा कोड खुला नसल्यामुळे तो क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोमच्या मुक्त भावंडात, नव्हता, आणि लिनक्सवरचे कितीतरी लोक क्रोममधली 'लिबपीडीएफ.एसओ' उचलून क्रोमियमच्या फोल्डरमध्ये टाकायचे. दोन्हींच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत, की ती चालायची नाही. 2014 मध्ये गूगलने तोच कोड पीडीएफियम नावाने मुक्त केला आणि हा खटाटोप संपला.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने वेगळी वाट धरली. 2011 मध्ये सुरू झालेला पीडीएफ.जेएस हा दर्शक जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे आणि पान वेबच्याच कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या जागेवर, काढतो. फेब्रुवारी 2013 च्या फायरफॉक्स 19 पासून तो मूळचाच बसवलेला येतो. सुरुवातीला तो संथ होता, मोठ्या नकाशांवर अडखळायचा, आणि त्यावर टीकाही झाली. तरी माझ्या मते लिनक्सच्या वापरकर्त्यासाठी गेल्या वीस वर्षांत ब्राउझरमध्ये झालेला हा सगळ्यात मोलाचा बदल. 32-बिट, 64-बिट, एआरएम, कोणत्याही यंत्रावर तेच पान तसंच दिसू लागलं आणि दुसऱ्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहणं संपलं. वेळही नेमकी साधली गेली, कारण लिनक्ससाठीची अ‍ॅडोबी रीडरची शेवटची आवृत्ती, 9.5.5, त्याच वर्षी मे महिन्यात आली. लिनक्सवरच्या क्रोमने 2014 मध्ये एनपीएपीआय सोडलं. मार्च 2017 च्या फायरफॉक्स 52 ने फ्लॅश वगळता बाकी सगळ्या प्लगइनांना दार बंद केलं.

आत बसवलेला दर्शक म्हणजे धोका शून्य, असं मात्र नाही. ऑगस्ट 2015 मध्ये पीडीएफ.जेएसमधल्या एका त्रुटीचा वापर करून एका जाहिरातीतून वापरकर्त्यांच्या फाइली वाचल्या जात होत्या. लिनक्सवर तो कोड '/ईटीसी/पासडब्ल्यूडी' (वापरकर्त्यांची यादी), बॅशचा (टर्मिनलमधल्या आज्ञांचा) इतिहास आणि एसएसएचच्या (दूरच्या यंत्रात शिरायच्या) फाइली शोधत होता. फायरफॉक्स 39.0.3 मध्ये ती त्रुटी बुजवली गेली. डिस्ट्रोचे अपडेट पुढे ढकलू नयेत, असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

आज पीडीएफ उघडलं नाही, तर कारणं वेगळ्या जागी असतात. फाइल दिसण्याऐवजी थेट डाउनलोड होत असेल, तर बहुतेकदा सर्व्हर तिचा माइम प्रकार चुकीचा सांगतो किंवा ती 'अटॅचमेंट' म्हणून पाठवतो. नाहीतर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्लिकेशन्सच्या यादीत पीडीएफपुढे दुसरा पर्याय निवडलेला असतो, किंवा 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये 'पीडीएफजेएस.डिसेबल्ड' चालू राहिलेलं असतं. उबुंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळं ठेवलेल्या पॅकेजात, येतो. त्याचं '/टीएमपी' हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर वेगळं असतं आणि होममधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमने '/टीएमपी'मध्ये ठेवलेली फाइल 'सापडली नाही' असं तो म्हणतो ते त्यामुळे. ती फाइल डाउनलोड्समध्ये हलवली की उघडते.

फॉर्म उघडून फक्त 'प्लीज वेट' असा मजकूर दिसत राहिला, तर तो एक्सएफए प्रकारचा, म्हणजे पीडीएफच्या आत वेगळ्या पद्धतीने मांडलेला, फॉर्म समजावा. कंपनी व्यवहार मंत्रालयाचे जुने ई-फॉर्म भरणाऱ्या सनदी लेखापालांना हा अनुभव चांगलाच ठाऊक आहे. ऑक्टोबर 2021 च्या फायरफॉक्स 93 पासून असे फॉर्म बऱ्याच प्रमाणात दिसतात.

मराठी वाचकाला सर्वांत जास्त सतावतो तो फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधीची मराठी कागदपत्रं अशा फॉन्टांत आहेत, की त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट फाइलमध्येच जोडलेला नसेल, तर दर्शक यंत्रावरचा दुसरा फॉन्ट लावतो आणि पानभर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. ब्राउझर बदलून पाहण्याआधी टर्मिनलमध्ये पॉपलर या पीडीएफ साधनसंचातली 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा त्या फाइलवर चालवावी. 'ईएमबी'च्या रकान्यात 'नो' आलं, तर फॉन्ट जोडलेला नाही. तो मिळवून यंत्रावर घालणं किंवा देणाऱ्याकडून दुरुस्त फाइल मागणं हेच उपाय. 'येस' असेल आणि मजकूर दिसतोही नीट, पण शोधता येत नाही, कॉपी केला की कचरा येतो, तर दर्शकाचा दोष नाही. फाइलमधली अक्षरंच युनिकोडशी नीट जोडलेली नाहीत. अशा वेळी चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं मराठी पॅकेज घालून, तेच काम पीडीएफवर करणारं 'ओसीआरमायपीडीएफ' वापरावं. भाषा 'मार' द्यावी आणि 'फोर्स-ओसीआर' हा पर्याय विसरू नये. फाइलमध्ये आधीचा मजकूर असला, की त्या पर्यायाशिवाय ते काम करायला नकार देतं.