टोकन आधी कोणाच्या हाती पडतं?

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. पाचशेची नोट आधी कोणाच्याही हाती पडो, ती पाचशेचीच. टोकनचं, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांचं, तसं नाही. आधी कोण पोहोचलं आणि किती स्वस्तात, यावरच तिथं कमाई ठरते.

जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं तेव्हा विक्री नव्हतीच. संगणक चालवा, मायनिंग करा, म्हणजे नेटवर्कवरचे व्यवहार नोंदवायचं काम त्याच्याकडून करून घ्या, नाणी मिळवा. कोणासाठी वाटा बाजूला काढला नव्हता, तरी ज्यांना वेळेत कळलं त्यांचंच फावलं. आधी पैसे घेऊन टोकन देण्याची रीत २०१३ मध्ये मास्टरकॉइन या प्रकल्पाने पाडली. पुढच्या वर्षी इथेरियम या नेटवर्कने आपल्या इथर टोकनची विक्री ४२ दिवस खुली ठेवली, चढता भावही आधीच जाहीर केला. सुमारे सहा कोटी इथर विकले गेले; आणखी १ कोटी २० लाख इथेरियमचं फाउंडेशन आणि सुरुवातीच्या मंडळींना मिळाले.

मग ३१ मे २०१७. ब्रेव्ह ब्राउझरच्या बीएटी टोकनची विक्री अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपली. साडेतीन कोटी डॉलर जमले, घेणारे मात्र जेमतेम सव्वाशे-दीडशे. नियम सर्वांना एकच होता, आधी येईल त्याला. पण ब्लॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या नोंदवहीच्या पुढच्या पानावर, कोणाचा व्यवहार आधी बसणार, हे नेटवर्कला दिलेली जादा फी ठरवत होती. नाशिकमधून मोबाइलवर बटण दाबणाऱ्याचा नंबर लागणार कसा? हा अन्याय नियम मोडून नव्हे, नियम पाळूनच झाला, म्हणून तो मला जास्त खुपतो.

घाई टाळायला ईओएस या प्रकल्पाने वर्षभर टोकनविक्री चालवली. चीनने सप्टेंबर २०१७ मध्ये अशा विक्रीवर बंदीच घातली. पुढे बरेच प्रकल्प खासगी फेऱ्यांकडे, म्हणजे निवडक गुंतवणूकदारांनाच आधी विकण्याकडे, वळले आणि स्वस्त टोकन बड्या फंडांकडे गेले. २०२० मध्ये टोकनची अदलाबदल करून देणाऱ्या युनिस्वॅपने जुन्या वापरकर्त्यांना वॉलेटच्या (टोकन ठेवायच्या डिजिटल पाकिटाच्या) प्रत्येक पत्त्यामागे ४०० टोकन फुकट वाटले. स्वागतार्ह पाऊल, पण एकूण साठ्यातला सुमारे ४० टक्के वाटा टीम, गुंतवणूकदार आणि सल्लागारांचाच होता. नंतरच्या वाटपांत तर एकेकाने शेकडो वॉलेट उघडून रांग अडवली.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून टोकनच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्याच वर्षीच्या जुलैपासून १ टक्का टीडीएसही. पण आयपीओत सेबी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी हिस्सा राखून ठेवायला लावते, प्रवर्तकांवर लॉक-इन (ठरावीक काळ शेअर न विकण्याचं बंधन) घालते, तसं टोकनविक्रीला काही नाही. संस्थापकांकडे किती टोकन आहेत, खासगी फेरीत भाव काय होता, त्यांचा लॉक-इन कधी सुटतो, हे प्रकल्पवाल्यांनी सांगितलं तरच कळतं.