हातकागदावर छापले म्हणजे पर्यावरणपूरक झाले?

पर्यावरणविषयक छापचित्र वनस्पतितंतूंच्या हातकागदावर घेतले की ते आपोआप निसर्गस्नेही ठरते, हा समज पुण्यातील कलाविद्यार्थ्यांत आजही ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. केळीच्या सोपटांतील किंवा अंबाडीच्या सालीतील तंतू मोकळे करण्यासाठी ते धुण्याच्या सोड्यात, कधी कॉस्टिक सोड्यातही, बराच वेळ शिजवावे लागतात. त्यात इंधन जळते, लिग्निन (तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारे वनस्पतीतील द्रव्य) विरघळलेले काळपट क्षारयुक्त पाणी उरते, आणि ते प्रक्रिया न करता गटारात सोडल्यास कागद हाताने उचलल्याच्या पुण्याईने निरुपद्रवी होत नाही. शिवाजीनगर येथे १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेची ओळख असलेला चिंध्यांचा कागद या बाबतीत उजवा आहे, कारण सुती चिंध्या जवळजवळ शुद्ध सेल्युलोज (कागद ज्याचा बनतो ते तंतुद्रव्य) असल्याने त्यांना इतके शिजवावे लागत नाही. (कापूसही वनस्पतितंतूच आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते.)

शिवाय छपाईचा ठसा आणि शाईचा रूळ रॉकेलने किंवा टर्पेन्टाइनने पुसले, तर कागदाने वाचवलेले तिथेच खर्ची पडते. तेलशाई खाद्यतेलाने पुसून साबणाने धुतली तरी निघते.